सेकंडमधली टर्बो आणि पैनगंगेचा पूल

डोलाऱ्याजवळ पैनगंगेच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या नंबर प्लेटा वाचत गेलं, तर या भागाचा अलीकडचा इतिहास समोरून सरकतो. एपी ०१ म्हणजे अविभाजित आंध्र प्रदेशातलं आदिलाबाद. टीएस ०१ म्हणजे २०१४ मध्ये तेलंगण झाल्यानंतरचं. टीजी ०१ मार्च २०२४ नंतरचं. अधूनमधून टीएस १८ दिसते ती निर्मलची, टीएस २० आसिफाबादची, कारण ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आणि या सगळ्यांत मिसळलेले एमएच २९, एमएच ३४, एमएच ३१. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर. यातल्या काही गाड्या पाहुण्यांच्या असतात, पण काहींचे मालक जैनद, बेला, तांसी नाहीतर थेट आदिलाबाद शहरातले. गाडी नागपूरला सेकंडमध्ये घेतलेली, नंबर बदलायचा राहिलेला. बॉनेट उघडलं की आत डिझेल इंजिन आणि त्याच्या कुशीला टर्बो.

आमच्याकडेही अशीच एक आहे. २०१४ची एर्टिगा, डिझेल. मी रोज तिने आदिलाबादहून बेल्याला शाळेत जातो, पस्तीसेक किलोमीटर. घरातले सगळे लग्नाला, देवाला, दवाखान्याला तिच्यातूनच जातात. जुन्या टर्बो गाडीचं नाव काढलं की लोक आधी भीती घालतात: टर्बो गेला की खिसा रिकामा. भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे. आमच्या भागात टर्बो नसलेल्या गाडीने जे भागत नाही ते या गाडीने भागतं, आणि टर्बोपेक्षा जास्त त्रास माणसाला दुसऱ्याच गोष्टीचा होतो. त्यासाठी आधी रस्ता समजून घ्यायला हवा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं. आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला, पण सगळा नाही. किनवट आणि राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्याला मिळाले. उलट बाजूने नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं इकडे आली. कागदावर रेघ ओढली गेली. सोयरिकी जिथल्या तिथे राहिल्या. आजही बेल्याच्या मुलीचं सासर कोरपन्याला असतं, जैनदच्या सुनेचं माहेर पांढरकवड्याला. नवरात्रात माहूर, मुलाच्या अक्षराभ्यासाला बासर, पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा. आणि आजारपण आलं की नागपूर. आदिलाबादला २००८ पासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याने या जिल्ह्याचं मोठं काम केलं आहे, तरी हृदयाचं, मेंदूचं, कर्करोगाचं काही निघालं की चिठ्ठी नागपूर नाहीतर हैदराबादची मिळते. नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. काही घरं सेवाग्राम गाठतात. रात्री दोन वाजता निघायचं तर ना एसटी असते ना तेलंगणची बस. घरातली सात माणसं, डबे, गाद्या आणि एक आजारी माणूस मागच्या सीटवर आडवा, असा तो प्रवास असतो. छोटी पेट्रोल गाडी हे ओझं नेत नाही असं नाही. पण नेताना ती आणि आतली माणसं सारखीच दमतात.

टर्बोचं काम इथे सुरू होतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो, त्यात जोर असतो, आणि साध्या इंजिनात तो सायलेन्सरमधून वाया जातो. त्याच धुराने एक छोटं चाक फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. जहाजं आणि रेल्वेइंजिनं यांतून फिरून ही युक्ती घरच्या गाडीत रुळायला पाऊण शतक लागलं. डिझेल टर्बो असलेली पहिली प्रवासी मोटार, मर्सिडीजची, १९७८ मध्ये आली. त्या छोट्या चाकाचा वेग ऐकून नवखा माणूस विश्वास ठेवत नाही: मिनिटाला लाख-दीड लाख फेरे, कधी त्याहून जास्त. एका बाजूला सहाशे-सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा ऑइलचा थर हेच टर्बोचं आयुष्य. पुढचं सगळं यातूनच येतं.

आपल्याकडे हे तंत्र घरोघर पोचवलं ते फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाने. १२४८ सीसी. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आलं, मग डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. पुण्याजवळच्या रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते बनत होतं. लोक त्याला कौतुकाने देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, आणि ते कौतुक खरं होतं. त्याचे दोन अवतार. स्विफ्ट-डिझायरमध्ये साध्या टर्बोचा, ७५ पीएसचा. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या एर्टिगात व्हीजीटी, म्हणजे धुराच्या वाटेतली पाती वेगाप्रमाणे कमीजास्त उघडणारा टर्बो. ताकद ९० पीएस, टॉर्क १७५० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. कंपनीने सांगितलेला अॅव्हरेज लिटरला २०.७७ किलोमीटर. भरल्या गाडीत एसी लावून तो तेवढा मिळत नाही, पण या वजनाची पेट्रोल गाडी त्याच्या जवळपासही जात नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ आलं, मारुतीने डिझेल बंद केलं आणि हे इंजिन नव्या गाड्यांतून गेलं. आता ते मिळतं फक्त सेकंडमध्ये.

रोज चालवताना टर्बोची ओळख पहिल्याच आठवड्यात होते. बेल्याच्या रस्त्यावर कापसाने भरलेला ट्रॅक्टर पुढे असतो, तट्ट फुगलेला, मागचं काही दिसत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असताना इंजिन दीड हजार आरपीएमच्या खाली असतं. तिथे पाय दाबला तर काहीच होत नाही, आणि एकदम दोन हजारांच्या आसपास गाडी पुढे उडी घेते. समोरून बस येत असेल तर तो मधला क्षण फार लांबतो. म्हणून आधी गिअर खाली, मग पाय, मग बाहेर काढायची. सवय झाली की हीच गाडी महबूब घाटाच्या चढावर सात माणसं आणि टपावरचं सामान घेऊन चौथ्या गिअरमध्ये तक्रार न करता जाते. माहूरगडाच्या वळणांवर एसी बंद करावा लागत नाही. पूर्वी आमच्याकडे असलेल्या पेट्रोल गाडीत चढ आला की आई स्वतःहून एसीचं बटण बंद करायची.

आता खरेदीकडे येऊ, कारण जुन्या टर्बोचं बरंवाईट त्या एका दिवसात ठरतं. गाडी बघायला जाताना आदिलाबादच्या आमच्या उस्तादांना सोबत नेलं होतं. इथे चांगल्या मेकॅनिकला उस्तादच म्हणतात. विकणारे नागपूरचे निवृत्त काका गाडी धुऊन, चालू करून, गरम करून वाट बघत होते. उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला आणि गाडी बंद करायला लावली. "पयले थंडी होने दो, साब. गरम गाडी सब अच्छीच बोलती." मग आम्ही चहा घेतला, जेवलो, आणि इंजिन पूर्ण निवल्यावर त्यांनी चावी फिरवली. या इंजिनात टायमिंगचा पट्टा नसून चेन आहे. चेन सैल झाली असेल तर थंड स्टार्टला पहिले काही क्षण खडखड ऐकू येते. तशी आली नाही.

त्यानंतरचं काम मी अगदी जवळून पाहिलं. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं: तिथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टन रिंग थकल्या. डिपस्टिकवरचं ऑइल बोटावर घेऊन चोळलं. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याचं काही नाही. बघायचं ते खरखर लागते का. मग पाना लावून इंटरकूलरकडे जाणारा जाड होज पाइप सोडवला आणि आत बोट फिरवलं. बोटाला ऑइलचा ओशट थर आला. मी घाबरलो, उस्ताद नाही. एवढं येतंच, इंजिनाचा श्वास त्याच वाटेने परत जातो. पाइप उलटा केल्यावर ऑइल ठिबकलं असतं तर टर्बोचं सील गेलं म्हणून आम्ही तिथूनच परतलो असतो. शेवटी हवेच्या बाजूचा पाइप काढून त्यांनी दोन बोटांत टर्बोचा दांडा धरला. आडवा किंचित हलला, तो हलायलाच हवा, कारण तेव्हा ऑइलचा दाब नसतो. पुढे-मागे ओढला तेव्हा हलला नाही. पात्यांच्या कडा नखाने तपासल्या; एअर फिल्टर न बदलता चालवलेल्या गाडीत त्या कडा धुळीने झिजून खरवडलेल्या असतात. या शाबूत होत्या.

"काका, ऑइल कुठे बदलायचात?" मी विचारलं. काकांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं होती, तारखा आणि किलोमीटरसकट, दर दहा हजारांच्या आत. मला विचाराल तर गाडीच्या किमतीतले शेवटचे दहा हजार रुपये त्या पिशवीचे होते आणि ते मी आनंदाने दिले. मीटर मागे फिरवता येतो, सीट कव्हर नवं घालता येतं, पण आठ-नऊ वर्षांच्या ऑइलच्या बिलांची पिशवी एका रात्रीत तयार होत नाही. नुसता कमी किलोमीटरचा आकडा बघून जुनी टर्बो घेणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. शहरात पाच-पाच मिनिटं चाललेली चाळीस हजारांची डिझेल गाडी हायवेवर चाललेल्या लाखाच्या गाडीपेक्षा आतून जास्त काजळलेली असू शकते. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने बुजतो, व्हीजीटीची पाती अडकतात, आणि मग पिकअप पडतो.

टर्बो गेलाच तर? पूर्ण नवा घ्यायचा तर बरी जुनी मोटारसायकल येईल एवढे पैसे जातात. पण दर वेळी सगळा टर्बो जात नाही. मधला गाभा, ज्याला गॅरेजवाले कोअर म्हणतात, तेवढा बदलून काम होतं आणि खर्च पुष्कळ कमी येतो. कितीदा तर टर्बो गेला असं सांगितलं जातं तेव्हा फाटलेला असतो तो होज पाइप, किंवा सुटलेला असतो त्याचा क्लॅम्प. गाडी काळा धूर सोडते, ओढत नाही, शिटी मारते. अशी लक्षणं दिसल्यावर पाइप न बघता टर्बोचा खर्च सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी हळूच बाहेर काढावी.

इथलं हवामान या यंत्राची परीक्षा बघतं. मे महिन्यात आदिलाबादचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. हिवाळ्यात पहाटे एक आकडी तापमान असतं. थंडीत चालू केल्याबरोबर गाडी पळवायची नाही, कारण ऑइल घट्ट असतं आणि टर्बोपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. उन्हाळ्यात उलट: हिंगणघाटहून ऐंशी-नव्वदच्या वेगाने येऊन ढाब्यावर थांबलं की लगेच चावी फिरवायची नाही. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा प्रवाह बंद. लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. मिनिटभर तशीच चालू ठेवायची. आमच्या घरी सगळ्यांना हे इतकं पाठ झालं आहे की धाकटी दाराला हात लावण्याआधी विचारते, "बाबा, झालं का तिचं?"

आणि कापूस. दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची आवक सुरू होते, जिनिंगची धुराडी आणि यंत्रं जागी होतात, आणि थंडीभर रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके लटकलेले असतात. तोच कापूस गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जातो आणि रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांत बसतो. वरून धूळ, वरून किडे. हळूहळू त्याचा वाकळीसारखा थर होतो. गाडी गरम का होते म्हणून कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा सगळं बदलून झालेल्या गाड्यांत शेवटी हा थर सापडतो. त्याला जोराचं पाणी मारायचं नाही, पापुद्रे वाकतात. आतल्या बाजूने बाहेर हलकी हवा मारायची. एअर फिल्टरचंही तसंच. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न बघता कापसाच्या हंगामात मध्येच काढून बघायचा. काळ्या मातीची धूळ आणि सरकीचे तंतू मिळून त्याची जाळी बंद होते आणि टर्बो हवेसाठी तडफडतो. ऑइलही मी दहा हजारांच्या आधीच बदलतो. तीनेक लिटर ऑइलचा खर्च हा या गाडीचा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

याच हायवेने वरून आणखी एक ओघ येतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो, दिल्लीहून नागपूर, नागपूरहून आदिलाबाद, हैदराबाद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच भूमिका घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, पण मधल्या वर्षांत तिकडच्या चांगल्या-वाईट डिझेल गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे उतरल्या. स्वस्त दिसतात. घेण्याआधी एनओसी आणि कर्जाचा बोजा तपासावा. कागद पुरा नसेल तर फुकट दिली तरी नको.

कागद. आमच्या माणसांना टर्बोने जेवढं छळलं नसेल तेवढं याने छळलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, ज्यावर चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा चिकटवायचा. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. मालकी बदलायला २९ आणि ३०. नव्या नंबरला २७. मग तेलंगणचा लाइफ टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणे. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याला पुन्हा पूल ओलांडून तिकडच्या कार्यालयात खेटे. शेतकरी माणूस हे हंगामात कसं करणार? म्हणून एमएच नंबर तसाच राहतो, रस्त्यावरच्या तपासणीत पावती फाटते आणि विम्याच्या वेळी घोळ होतो. विकणाऱ्यालाही धोका आहे: अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कायदा नोंदणीतल्या मालकालाच धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नागपूरच्या काकांनी म्हणूनच नाव बदलेपर्यंत मला दर आठवड्याला फोन केला, आणि त्यांचं बरोबर होतं.

२०२१ मध्ये केंद्राने बीएच मालिका आणली, राज्य बदललं तरी नंबर तोच. ती कुणासाठी? सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी. ज्याचं शेत जैनदला आणि मुलीचं घर वणीला आहे त्याच्यासाठी नाही. १९५६च्या रेघेने ज्यांची घरं दोन राज्यांत पडली, त्या सीमेवरच्या तालुक्यांना ही सोय मिळायला हवी. आदिलाबाद आणि यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी मिळून मागितली तर ती अशक्य नाही. ही मागणी मी इथे मुद्दाम नोंदवतो.

डिझेलचं सांगायचं तर तेलंगणात त्यावर २७ टक्के व्हॅट आहे. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवलं तेव्हापासून नदीपलीकडचा पंप लिटरमागे चार-पाच रुपयांनी स्वस्त पडतो. पांढरकवड्याकडे काम निघालं की टाकी तिकडेच भरली जाते. त्यासाठी मुद्दाम जाण्यात मात्र काही उरत नाही; टोलच ते खाऊन टाकतो.

पुढे काय, हा प्रश्न घरी निघतोच. नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा शाळेतले सहकारी म्हणाले, सर, आता नवीच घ्या. छोट्या घराला ते योग्य आहे. टर्बो पेट्रोलही आता खूप आहेत, नेक्सॉन, व्हेन्यू, एक लिटर-सव्वा लिटरच्या, चालवायला सुरेख. पण पेट्रोल टर्बोचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम, ऑइलची हेळसांड त्याला त्याहून कमी सोसते, आणि सात माणसं भरली की अॅव्हरेज धाडकन उतरतो. त्यात जुन्या मॉडेलला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नव्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला. त्याला मोकळा व्हायला लांबचा रस्ता लागतो, गावातल्या गावात फिरणाऱ्याने तो घेऊ नये.

आमच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतील. नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं, आणि इंजिन तोवर जाईल याबद्दल उस्तादांना शंका नाही. सुटे भाग अजून आदिलाबादच्या दुकानांत मिळतात, नाही मिळाले तर नागपूरहून रात्रीच्या बसने सकाळी येतात. सध्या क्लच वर लागतो आहे. कापसाचा हंगाम सरला, रस्ता मोकळा झाला की फेब्रुवारीत क्लच प्लेट टाकायची, तेव्हाच होज पाइप सोडवून आत बोट फिरवून घ्यायचं, आणि मार्चमध्ये आईची नागपूरची तपासणी आहे, त्याआधी गाडी तयार हवी.